मारेकऱ्याचं आडनाव

खेड्यात नवा माणूस आला की नाव-गाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असे : 'कुणापैकी?' जात उघड विचारायची नाही, पण कळल्याशिवाय सोडायचंही नाही, अशा बेताचा हा प्रश्न. मोठ्या नेत्याचा खून होतो तेव्हा अख्खा देश हाच प्रश्न विचारतो. मारेकऱ्याचं वय काय, तो काय करतो, त्याला काय हवं होतं, हे सगळं नंतर. आधी, कुणापैकी? उत्तर कुणी दिलं, किती वाजता दिलं आणि ते पोचलं तेव्हा रस्त्यावर पोलीस होते की नव्हते, यावर पुढचे तीन-चार दिवस कसे जाणार ते ठरतं.

३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी बिर्ला भवनाच्या हिरवळीवर तीन गोळ्या सुटल्या. गांधीजींना त्या दिवशी प्रार्थनेला उशीर झाला होता, कारण चार वाजता वल्लभभाईंशी सुरू झालेलं बोलणं लांबलं होतं. पिस्तूल इटालियन बनावटीचं, बेरेट्टा. मारणारा जागच्या जागी पकडला गेला. म्हणजे शोधाशोध करायची नव्हतीच, माणूस हातात होता. तरी फाटकाशी जमलेल्या गर्दीत काही मिनिटांत आवई उठली : मुसलमानाने मारलं. माउंटबॅटन पोचले तेव्हा कुणीतरी त्यांच्या तोंडावरच तसं ओरडलं. त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं की मारणारा हिंदू होता. सांगतात ते असं, की त्या क्षणी त्यांना स्वतःलाही हे खात्रीने माहीत नव्हतं. दुसरं उत्तर खरं निघालं तर दिल्लीत काय होईल हे मात्र पक्कं माहीत होतं.

ते माहीत असायला फार अक्कल लागत नव्हती. १९४७ च्या सप्टेंबरात दिल्लीत मुसलमानांची कत्तल झाली होती, हजारो माणसं पुराण्या किल्ल्यात जीव मुठीत धरून बसली होती. पंजाबातून आलेले निर्वासित मशिदींमध्ये राहत होते. गांधीजींचं शेवटचं उपोषण १३ जानेवारीला सुरू झालं आणि १८ ला सुटलं, ते याच शहरात मुसलमानांना सुखाने राहता यावं म्हणून. त्या माणसाला कुणा मुसलमानाने मारलं, अशी बातमी तासभर जरी फिरली असती तरी पुरे होतं.

म्हणून रेडिओवरचं पहिलं निवेदन घाईत दिलं गेलं नाही. ते गेलं सहा वाजता. पाऊण तासाची ती गॅप आज आपल्याला प्रचंड वाटते, पण तेवढ्या वेळात तीन गोष्टी पक्क्या करून घेतल्या गेल्या. मृत्यू झाला आहे, तो गोळ्यांनी झाला आहे, आणि मारेकरी हिंदू आहे. तिसरी गोष्ट एरवी बातमीत कशाला हवी? पण त्या संध्याकाळी सगळ्या निवेदनाचा भार त्या एका शब्दावर होता. रात्री नेहरू बोलले, त्यांच्या मागोमाग पटेल बोलले. दोघांतले मतभेद तेव्हा चव्हाट्यावर आलेले होते, आणि गोळ्या सुटण्याआधीचं गांधीजींशी झालेलं पटेलांचं ते लांबलेलं बोलणंही त्याच विषयावर होतं. स्वातंत्र्य जेमतेम साडेपाच महिन्यांचं. पंतप्रधान आणि गृहमंत्री एका रात्री एकाच माइकवरून बोलले, हीच बातमीइतकी मोठी बातमी होती. सरकार जाग्यावर आहे, हे सांगायला त्याहून वेगळं वाक्य लागलं नाही.

दुसऱ्या दिवशीची अंत्ययात्राही लष्कराकडे सोपवली गेली. अहिंसेच्या पुजाऱ्याचं पार्थिव लष्कराच्या शस्त्रवाहू गाडीवर ठेवलं, याची टवाळी तेव्हाही झाली. पण आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता, दुतर्फा लाखो माणसं, आणि दोर धरून ती गाडी ओढणारे तिन्ही दलांचे सुमारे दोनशे जवान, यांत एक व्यवहारी हिशेबही होता. प्रेतयात्रेच्या निमित्ताने सैनिक राजधानीच्या रस्त्यावर उभे राहिले आणि कुणाला त्याची धास्ती वाटली नाही. दिल्लीत फार काही पेटलं नाही.

दिल्लीत 'हिंदू' म्हटल्यावर प्रश्न मिटला. महाराष्ट्रात तो मिटणारच नव्हता. इथे खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

नाव आलं : नथुराम विनायक गोडसे. पुण्याच्या 'हिंदू राष्ट्र' या दैनिकाचा संपादक. आता मराठी माणसाला आडनाव कळलं की पुढचं कुणी सांगावं लागत नाही. उत्तर हिंदुस्थानात नुसतं 'राम' किंवा 'कुमार' लावून माणूस आयुष्य काढू शकतो. इथे गोडसे आणि त्याचा साथीदार आपटे ही नावं कोकणस्थ ब्राह्मणांची, हे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक. करकरे हेही ब्राह्मणाचंच. पंजाबी निर्वासित पाहवा, शस्त्रं विकणारा बडगे, किस्तैया ही नावंही पुढे त्याच खटल्यात आली, पण ती कुणाच्या डोक्यात राहिली नाहीत. पंजाबी निर्वासितांची किंवा शस्त्रं विकणाऱ्यांची घरं कुणी जाळली नाहीत. पहिल्या दोन आडनावांवरच लोकांनी निकाल लावला.

मुंबईत लगेचच शिवाजी पार्कवरच्या सावरकर सदनावर जमाव गेला. विनायकराव वाचले. जवळच राहणारे त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव मात्र दगडांखाली सापडले, डोकं फुटलं. ते त्यातून नीट सावरले नाहीत आणि १९४९ च्या ऑक्टोबरात वारले. नारायणराव स्वतः इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले. असल्या वेळी असा तपशील कुणी विचारात घेत नाही. पुण्यात दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. आणि मग ते शहरांतून बाहेर पडलं.

बातमी पसरली कशी, हे बघण्यासारखं आहे. खेड्यात रेडिओ म्हणजे पाटलाकडे किंवा एखाद्या डॉक्टरकडे बॅटरीवर चालणारा एक. एस.टी. अजून जन्मायची होती : पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर त्याच वर्षी १ जूनला सुटली. त्यामुळे बातमी गेली ती तारेने, खासगी सर्व्हिस मोटारींनी, आणि पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने. म्हणजे खेड्यात बातमी पोचली ती निवेदनाच्या रूपात नाही, माणसाच्या तोंडून. आणि माणूस बातमी आणतो तेव्हा ती कोरी आणत नाही. वाटेत काय जळताना पाहिलं तेही घेऊन येतो. 'पुण्यात पेटवलं', 'कोल्हापुरात पेटवलं' हे शब्द खुनाच्या बातमीला चिकटूनच गावात शिरले. गावाला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या : काय झालं, आणि दुसरीकडे लोकांनी त्यावर काय केलं. दुसरी गोष्ट नुसती माहिती नव्हती, तो नमुना होता. पाठ केलेल्या पाढ्यासारखा तो पुढच्या गावी म्हटला गेला.

त्यात पेढ्यांची गोष्ट. अमक्या ठिकाणी पेढे वाटले, तमक्या वाड्यात साखर वाटली. काही ठिकाणी असं घडल्याचं पुढे खुद्द वल्लभभाईंनी संघाच्या गोळवलकरांना सप्टेंबर १९४८ मध्ये लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे, म्हणजे ती सगळीच अफवा नव्हती. पण ज्या शेकडो गावांत ती सांगितली गेली त्या सगळ्या गावांत पेढे वाटले गेले, असं मानायचं तर तेवढे हलवाई त्या भागात नव्हते. ही गोष्ट चालते ती तिच्या आकारामुळे. पेढा म्हणजे मुलगा झाला, परीक्षा पास झाली. 'ते खूश झाले' असं म्हटलं तर वाद होऊ शकतो. 'त्यांनी पेढे वाटले' म्हटलं की डोळ्यांसमोर पुडा येतो, हात येतो, दार येतं. आणि कुणाच्या दारावर जायचं तेही कळतं.

सातारा जिल्ह्यातली खेडी, सांगली-मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी. या भागात आजही जुनी माणसं त्याला दंगल म्हणत नाहीत, 'जळीत' म्हणतात. 'अठ्ठेचाळीसचं जळीत'. शब्द अचूक आहे. माणसं मारली गेलीच नाहीत असं नाही, पण भर होता तो जाळण्यावर. पुष्कळ आठवणींत क्रम एकच सांगितला जातो. जमाव बहुधा बाहेरगावचा, वाट दाखवणारा गावातला. आधी घरातल्या माणसांना बाहेर यायला सांगायचं. बायकापोरं अंगावरच्या कपड्यांनिशी मारुतीच्या देवळात किंवा एखाद्या मराठ्याच्या, धनगराच्या घरी. मग वाडा.

वाडा का पेटतो, हेही सांगायला हवं, कारण बाहेरून तो दगडी दिसतो. जोतं आणि खालच्या भिंती दगडाच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, पण सांगाडा सगळा लाकडाचा. खांब, तुळया, कडीपाट, जिना, दिंडी दरवाजा. शंभर-दीडशे वर्षं वाळलेलं सागवान. माळ्यावर कडबा, गोवऱ्या, सरपण, आणि धान्याच्या कणगी. परसात कडब्याची गंज. जानेवारीअखेर, म्हणजे ज्वारीच्या सुगीच्या तोंडाशी, हवा कोरडी आणि विहिरीला पोहरा. खालून पेटवायची गरज नसे. माळ्यावर बोळा पडला की तुळया धरत, तुळया बसल्या की वरचं मातीचं धाबं सगळं खाली येई आणि भिंती उभ्याच राहत. म्हणून जळालेल्या वाड्याची जोती आणि उघड्या भिंती पुढे कित्येक वर्षं तशाच दिसत. छप्पर नसलेल्या दोन पावसाळ्यांत मातीच्या भिंतीही विरघळत, मग उरे फक्त जोतं.

कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो. म्हणून चांगल्या स्टुडिओत निगेटिव्हचे डबे वेगळ्या खोलीत ठेवत आणि तिथे विडीसुद्धा ओढू देत नसत. ती काळजी अपघाताची होती. कुणी मुद्दाम पेटवायला येईल, हे त्या व्यवस्थेत धरलेलंच नव्हतं.

जमावाने कागद शोधून जाळले, असंही सांगितलं जातं. वह्या, खतावण्या, गहाणखतं. यातली गंमत अशी की कागद जाळून कर्ज पुरतं बुडत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्तीचं गहाणखत नोंदवावंच लागे, आणि त्याची नक्कल सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत असे. जमीन कुणाच्या नावावर आणि कसतो कोण, हे तलाठ्याच्या दप्तरात. जळाला तो हातउसन्याचा आणि वहीवरचा व्यवहार, ज्यात सावकाराचा शब्द आणि कुळाचा अंगठा याखेरीज पुरावा नव्हता. जमिनी गेल्या त्या आगीत नाहीत, कायद्यात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई कूळकायदा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा मालक झाला. जमीन ठेवायची तर ती स्वतः कसतो असं दाखवणं आलं, आणि जळितानंतर बिऱ्हाड उचलून पुण्या-मुंबईला गेलेला माणूस ते दाखवू शकत नव्हता. गाव सोडलं आगीने, शेत सुटलं सातबाऱ्याने. या दोन्ही गोष्टी आज एकाच दमात सांगितल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. कूळकायदा खुनाच्या आधीपासून येऊ घातला होता आणि तो न्यायाचा होता, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायला माझ्याजवळ काही नाही. घर जाळणं न्यायाचं नव्हतं, यावरही वाद नसावा.

हे सगळं गांधीजींवरच्या प्रेमापोटी झालं, असं तेव्हाही फार कुणी मानलं नसेल. जळालेल्यांत काँग्रेसवाले ब्राह्मण होते, बेचाळीसला तुरुंगात गेलेले होते, खादीशिवाय दुसरं न घातलेले होते. आग लागायला लागणारं सरपण पन्नास वर्षं रचलं जात होतं. कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण, सत्यशोधकांचे जलसे, साताऱ्यातली विसाच्या सुमाराची कुळांची बंडाळी, सावकारी, शाळेतली वेगळी पंगत. त्यातलं पुष्कळसं गाऱ्हाणं खरं होतं. म्हणूनच ते धोक्याचं ठरतं. खोट्या गाऱ्हाण्याला जमाव लवकर कंटाळतो. खऱ्या गाऱ्हाण्याला एक बहाणा मिळाला की तो कुठे थांबायचं हे विसरतो. आणि ज्याला नुसतीच भांडी, दागिने, धान्य लुटायचं असतं तो दोघांच्या मागून गुपचूप चालत येतो.

मग पोलीस कुठे होते? इथे नकाशा समोर घेतला तर उत्तर सोपं होतं. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. पण ज्या पट्ट्यात जळीत झालं तो सगळा त्यांच्या हुकमतीत नव्हताच. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत, कुरुंदवाड ही संस्थानं. त्यांचं विलीनीकरण ठरलं होतं, पण अंमल बदलला मार्चमध्ये. सांगलीचा ८ मार्च १९४८ ला. कोल्हापूर तर १ मार्च १९४९ पर्यंत वेगळंच. म्हणजे जानेवारीच्या शेवटी या संस्थानांचे फौजदार, कारकून, मामलेदार आपली नोकरी महिन्याभराने राहील की जाईल या विवंचनेत. लाठी उगारायची तर कुणाच्या नावाने? त्यातून हद्दी अशा की सकाळी संस्थानात जाळून जमाव ओढा ओलांडून दुपारी ब्रिटिशांच्या जुन्या मुलखात आणि संध्याकाळी तिसऱ्याच संस्थानात. जमावबंदीचं १४४ कलम लावायचं तर ते त्या त्या हद्दीपुरतं. खेड्यात पोलीस पाटील एकटा, आणि तोही त्याच गावकीतला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून शिपाई निघेपर्यंत पाच गावं झालेली असत.

काही गावांत मात्र काहीच झालं नाही. बहुतेक ठिकाणी कारण एकच सांगतात : कुणीतरी वजनदार माणूस वेशीवर जाऊन उभा राहिला. पाटील, पैलवान, तालमीचा वस्ताद, कुठे भूमिगत चळवळीतला कार्यकर्ता. 'आमच्या बामणांचं काय करायचं ते आम्ही बघू, तुम्ही चालते व्हा.' यात फार प्रेम होतं असं नाही. गावाच्या अब्रूचा प्रश्न होता. पण बाहेरच्या जमावाला वाट दाखवणारा गावातला माणूस मिळाला नाही की त्याचं काम अडतं, कारण कुठलं घर कुणाचं हे त्याला माहीत नसतं. जमावाचा हा सगळ्यात नाजूक भाग.

चौऱ्याऐंशीत, इंदिरा गांधींच्या खुनानंतर, दिल्लीत शिखांच्या घरांची वाट दाखवायला माणसाची गरज उरली नव्हती. मतदारयाद्या होत्या.

३१ ऑक्टोबर १९८४ चे तास मोजून बघावेत. सकाळी सव्वानऊच्या पुढे इंदिरा गांधी १, सफदरजंग रोडच्या घरातून शेजारच्या अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे चालत निघाल्या होत्या. तिथे ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव्ह मुलाखतीसाठी थांबले होते. त्यांच्याच शीख अंगरक्षकांपैकी बेअंत सिंगने रिव्हॉल्व्हर झाडलं, सतवंत सिंगने स्टेनगन रिकामी केली. रुग्णवाहिका दारात होती, पण चालक जागेवर नव्हता. अँबॅसेडरच्या मागच्या सीटवर, सोनिया गांधींच्या मांडीवर डोकं, अशा त्यांना एम्समध्ये नेलं. मृत्यू जाहीर करण्याची वेळ कागदावर दुपारी दोन-वीसची. राजीव बंगालमध्ये प्रचारात होते, त्यांनी ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावून ऐकलं. आकाशवाणीने मृत्यू सांगितला तो संध्याकाळी सहाला.

हा उशीर बेसावधपणाचा नव्हता, राज्यघटनेचा होता. आपल्याकडे हंगामी पंतप्रधान नावाचं पद घटनेत नाही. पंतप्रधान गेला की मंत्रिमंडळ जातं, आणि नव्याला राष्ट्रपतींनी शपथ द्यावी लागते. १९६४ आणि १९६६ ला गुलझारीलाल नंदांना शपथ देऊन वेळ मारून नेली होती. १९८४ ला राष्ट्रपती झैलसिंग येमेनमध्ये. उपराष्ट्रपती व्यंकटरमण दिल्लीत होते, त्यांच्याकडून शपथ उरकावी असाही एक विचार होता. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर, जे पुढे साडेनऊ वर्षं आपले राज्यपाल होते, ते राष्ट्रपतींची वाट पाहावी या मताचे. वाट पाहिली गेली. पावणेसातच्या सुमाराला राजीव यांचा शपथविधी झाला. खुर्ची एक दिवससुद्धा रिकामी राहिली नाही, हे यश होतं. पण सगळं डोकं खुर्चीत गुंतलं होतं, आणि शहर सकाळपासून 'कुणापैकी' हे जाणून बसलं होतं. अधिकृत आवाज गप्प, आणि पानाच्या टपरीवर सगळं माहीत. राष्ट्रपतींच्या गाड्यांवर एम्सजवळ दगड पडले, तेव्हा तरी कळायला हवं होतं.

इथे अठ्ठेचाळीसची दिल्ली आणि चौऱ्याऐंशीची दिल्ली समोरासमोर ठेवली की एक सोपा निष्कर्ष हातातून निसटतो. 'मारेकऱ्याचा धर्म सांगू नये' असा नियम करावा, तर अठ्ठेचाळीसला सांगितल्यामुळेच माणसं वाचली. 'खरं ते ताबडतोब सांगावं' असा करावा, तर साताऱ्यात खऱ्या आडनावानेच घरं जळाली. शब्दाने होतं काय, तर बोट कुणाकडे वळतं ते ठरतं. त्या दिशेला दारात पोलीस उभा करायला त्यानंतर काही तास मिळतात. अठ्ठेचाळीसच्या दिल्लीत ते तास वापरले गेले. चौऱ्याऐंशीत १ ते ३ नोव्हेंबर हे तिन्ही दिवस गेले.

तिथे काय चुकलं, हे पुढच्या चौकश्यांत पानोपानी आलं आहे. पार्थिव तीन मूर्ती भवनात दर्शनासाठी, दूरदर्शनचे कॅमेरे तिथे, आणि 'खून का बदला खून' या घोषणा घराघरात. परदेशी पाहुणे येणार, म्हणून बंदोबस्त विमानतळावर आणि यात्रेच्या मार्गावर. यमुनापारच्या वस्त्यांत ठाण्यातले मोजके शिपाई, आणि कित्येक ठिकाणी त्यांनी आधी शिखांचीच हत्यारं काढून घेतली. सैन्य १ तारखेला बोलावलं गेलं. पण सैन्य बोलावणं आणि सैन्य उतरणं यांत एक अख्खी यंत्रणा असते. तुकडीबरोबर कार्यकारी दंडाधिकारी लागतो, कारण त्याच्या हुकमावाचून जवान जमाव पांगवत नाही. गल्ल्या माहीत असलेला पोलीस लागतो. आणि सैन्य, पोलीस, प्रशासन तिघे एका टेबलाशी बसतील असा एक नियंत्रण कक्ष लागतो. तो नव्हता. जवान रिकाम्या हमरस्त्यांवरून ट्रकमधून फिरले आणि आत त्रिलोकपुरीच्या गल्ल्यांत माणसं टायर गळ्यात घालून जाळली जात होती. गृहमंत्री होते नरसिंह राव, जे दोनच महिन्यांनी आपल्या रामटेकमधून निवडून आले. नायब राज्यपाल होते पी. जी. गवई, महाराष्ट्र केडरचे. ४ तारखेला त्यांच्या जागी दुसरे आले. दिल्लीतल्या मृतांचा सरकारी आकडा पुढे ठरला तो २,७३३. पोलिसांनी वस्तीभरातल्या खुनांचा एकच गुन्हा नोंदवला, त्यामुळे कुणी कुणाला कुठल्या दारात मारलं हे कोर्टात सिद्ध करायला पस्तीस-पस्तीस वर्षं गेली, आणि बहुतेकांचं झालंच नाही.

नाव लवकर कळलंच नाही तर? तेही पाहून झालं आहे. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा खून झाला तेव्हा मारणारी व्यक्ती स्फोटातच संपली होती. माग काढायला एका छायाचित्रकाराच्या मृतदेहापाशी सापडलेला कॅमेरा होता, आणि त्याला दिवस लागले. तोवर तामिळनाडूत जमावाने आपलं उत्तर तयार केलं आणि द्रमुकची कार्यालयं, घरं, वाहनं फोडली, जाळली. देश मतदानाच्या मध्यावर होता. राहिलेले टप्पे पुढे ढकलून १२ आणि १५ जूनला घेतले गेले, आणि त्याच उन्हाळ्यात तिजोरीत परकीय चलन इतकं आटलं होतं की जुलैत ४७ टन सोनं बाहेर गहाण टाकायला पाठवावं लागलं. एवढं असून राज्य टिकलं. निवडणुका झाल्या, सरकार आलं.

पुण्यात २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा मारेकरी दुचाकीवरून निघून गेले होते. काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, जो आधी वर्षानुवर्षं रखडला होता. पूल मात्र पेटला नाही. दर महिन्याच्या २० तारखेला माणसं तिथे जमत राहिली, गाणी म्हणत, फलक धरून. नावं पुढे यायला पाच वर्षं लागली, दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडलं. अठ्ठेचाळीसला जे शहर दोन दिवसांत आडनावावर धावलं होतं, ते इतका काळ नाव मागत थांबलं.

आणि त्या आडनावाबद्दल शेवटचं एक. ते सरकारला ३० जानेवारीच्या आधी मिळू शकलं असतं. २० जानेवारीला, म्हणजे दहा दिवस आधी, बिर्ला भवनाच्या भिंतीशी गनकॉटन या स्फोटकाचा स्फोट झाला होता आणि मदनलाल पाहवा जागीच सापडला होता. त्याने बोलता बोलता पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. नाव नीट सांगितलं नाही, पण पुण्यात अशी वर्तमानपत्रं किती? त्यांची यादी सरकार दरवर्षी छापत असे, संपादकाच्या आणि मालकाच्या नावानिशी. पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने हे सगळं उकरून काढलं. ती यादी कुणी उघडली नाही. मुंबई प्रांताच्या सीआयडीचे उपमहानिरीक्षक राणा, ज्यांची कचेरीच पुण्यात होती, ते त्या दिवसांत दिल्लीत होते. मदनलालच्या जबानीची नक्कल त्यांच्या हातात दिली गेली. ती घेऊन ते २५ तारखेला निघाले, विमानाने नाही, आगगाडीने, आणि तीही सरळ नाही, अलाहाबादवरून. २७ ला ते मुंबईत पोचले.